शेवटच्या आंघोळीआधी गीझर बंद करा: हिवाळ्यातल्या वीजबिलाचा हिशेब

एका ताईंनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कोथरूडला २ बीएचके. घरात स्वतः ताई, त्यांचे मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा मुलगा. एसी नाही. ऑक्टोबरात २२० युनिट होते, डिसेंबरात ३०५ झाले, जानेवारीत ३१८. मीटर पळतोय का? गॅस गीझर घ्यावा का? सगळे पंखे बदलावेत का? आणि प्लगमध्ये लावायचं एक 'पॉवर सेव्हर' यंत्र मिळतं, त्याने बिल चाळीस टक्के उतरतं हे खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लगेच संपतं. खरं नाही. त्या डबीत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा) सुधारतो, पण आपला घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली वीज मोजतो, पॉवर फॅक्टर सुधारला म्हणून त्याचे आकडे हळू पडत नाहीत. डबीने होतं एवढंच, की तो हिरवा दिवा तुमच्या खर्चाने जळत राहतो.

आता मूळ मुद्दा. मी सत्तावीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, त्यातली बारा-तेरा वर्षं 'बिल का वाढलं ते बघून द्या' एवढ्याच कामासाठीही लोक बोलावतात. बोलावणारा हमखास दिवे आणि पंख्यांकडे बोट दाखवतो, कारण ते डोळ्यांना दिसतात. घरात वीज खाणारी खरी गोष्ट म्हणजे उष्णता. जे तापवतं ते खातं. जे फिरतं किंवा उजेड देतं ते त्यामानाने फारच थोडं खातं. एलईडी ट्यूब २० वॅटची, गीझर २००० वॅटचा. म्हणजे गीझर एक तास चालला की तेवढ्या विजेत ती ट्यूब शंभर तास जळते. मुलाला 'लाईट बंद कर' म्हणून ओरडण्यात जो दम जातो, त्यातला थोडा बाथरूमच्या बाहेरच्या बटणासाठी राखून ठेवा.

तुमच्या घरात पंचवीस लिटरचे दोन गीझर आहेत, सकाळी साडेपाचला दोन्ही लागतात आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की, म्हणजे दहाच्या सुमारास, बंद होतात, असं तुम्ही लिहिलंय. यातच सगळं आलं. हिशेब करून दाखवतो.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कुठल्याही कंपनीला सवलत नाही. पुण्यात जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साधारण २० अंशांवर असतं. आंघोळीला लागतं ते ४२ अंशांचं. अठरा लिटरची बादली धरली, तर १८ गुणिले २२ गुणिले १.१६, म्हणजे सुमारे ०.४६ युनिट. चार माणसांच्या चार बादल्या, पावणेदोन ते दोन युनिट रोज, महिन्याला ५५. हे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. जानेवारीत सासूबाईंना गार पाण्याने आंघोळ करायला लावून वाचवलेल्या विजेला बचत म्हणत नाहीत.

ऑक्टोबरातही गीझर चालूच होता. पण तेव्हा टाकीतलं पाणी २६-२७ अंशांवर होतं, तापवायचं होतं ते पंधरा अंशांनी. थंडीत तेच बावीस अंशांनी. इथेच दीडपट झालं, मीटरचा काही दोष नाही.

पण ५५ युनिटांनी तुमचं बिल सुटत नाही. बाकीचे कुठे गेले?

इथे मला आमच्या गावचा बंब आठवतो. साताऱ्याकडे आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, तिच्यात खालून विस्तव, भोवती पाणी. आमच्या बंबाची रीत अशी, की वरच्या तोंडातून तांब्याभर गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम पाणी यायचं नाही. गार आत गेलं की गरम बाहेर ढकललं जायचं. आजी पहाटे दोन-चार लाकडं आणि गोवऱ्या घालायची, आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ लावायची. शेवटची दोन माणसं राहिली की लाकूड घालणं बंद. ती दोघं उरलेल्या विस्तवावर व्हायची. 'आता कोणासाठी जाळायचं?' असं ती म्हणायची.

तुमचा गीझर आतून हुबेहूब तसाच चालतो. नळ उघडला की खालून गार पाणी आत शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. फरक एवढाच, की गीझरला आजी नाही. गार पाणी आत आलं की थर्मोस्टॅट टक् करतो आणि पुन्हा पहिल्यापासून तापवायला लागतो. शेवटचा माणूस अंग पुसून बाहेर येतो आणि सावकाश बटण बंद करतो, तोवर आत पंचवीस लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापून तयार झालेलं असतं. कोणासाठी? कोणासाठीच नाही. वीस अंशांचं पंचवीस लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला १.१६ युनिट लागतात. ते पाणी दिवसभर आणि रात्रभर टाकीत बसून निवतं. गीझरचा पफ, म्हणजे टाकीभोवतीचं उष्णता धरून ठेवणारं आवरण, चांगला असेल तर सगळी उष्णता जात नाही, दुसऱ्या दिवशी पाणी कोमट मिळतं. मी हिशेबाला निम्मी गेली असं धरतो. दोन गीझर म्हणजे रोज १.२ युनिट, महिन्याला ३५. त्यात साडेपाच ते दहा चालू असलेल्या गीझरवर तोंड धुणं, दाढी, स्वयंपाकघरातून 'जरा गरम पाणी आणा' हे सगळं मिळवलं की रोजचे साडेतीन-पावणेचार युनिट होतात, म्हणजे महिन्याला १०५ ते ११०. तुमच्या ३१८ मधला एक तृतीयांश.

म्हणून उपाय आजीचाच. शेवटची आंघोळ विस्तवावर.

कसं करायचं ते सांगतो. पंचवीस लिटर साठ अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की ४२ अंशांचं सुमारे ४५ लिटर होतं, म्हणजे अडीच बादल्या. चार बादल्यांना मिळून २ किलोवॅटचा गीझर एकूण ५५ मिनिटं चालला की पुरतो. दोन गीझर कशाला लावायचे? एकच लावा. साडेपाचला बटण दाबलं तर सहा-सव्वासहाला दिवा जातो. पहिल्या दोघांनी लागोपाठ आंघोळ करायची, तोवर तो पुन्हा तापवत राहील. तिसरा माणूस बादली भरायला लागला की बटण बंद. चौथ्याला आत राहिलेलं पाणी पुरतं. पहिले दोन-तीन दिवस अंदाज चुकेल, कोणीतरी कुडकुडत ओरडेल. पाच मिनिटं पुढेमागे करा, चौथ्या दिवशी बसतं. मुलगा आठला उठत असेल तर त्याच्यासाठी पुन्हा पंधरा मिनिटं लावा, पण 'तो उठेपर्यंत चालूच राहू दे' नको.

बटण विसरतं, हे मान्य. त्यासाठी सोळा अँपिअरचा टायमर मिळतो, तो गीझरच्या पॉइंटवर लावून घ्या. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग गीझरला लावू नका. २ किलोवॅटचा गीझर साडेआठ-नऊ अँपिअर घेतो, कागदावर चालेल असं वाटतं, पण रोज तासभर त्या सीमेवर चालवला की प्लगची पितळी पट्टी आणि प्लॅस्टिक दोन्ही काळी पडतात. मी असे वितळलेले प्लग एका डब्यात जमवून ठेवलेत, गिऱ्हाइकांना दाखवायला.

शॉवरबद्दल एक वाक्य. साधा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडतो. मुलगा आठ मिनिटं खाली उभा राहिला तर सत्तर लिटर पाणी, पावणेदोन युनिटांच्या वर. घरातल्या चौघांच्या बादल्यांची वीज एकट्याने. त्याला समजावणं तुमच्याकडे, ते माझ्या कामात बसत नाही.

थर्मोस्टॅट कमी करा असा सल्ला सगळे देतात. त्यात अर्धंच खरं आहे. पाणी साठ अंशांवर तापवून गार मिसळलं काय किंवा पन्नासवर तापवून कमी मिसळलं काय, अंगावर पडणाऱ्या ४२ अंशांच्या बादलीला उष्णता तेवढीच लागते. फायदा होतो तो फक्त टाकीत बसून निवणाऱ्या पाण्याचा. बटण वेळेवर बंद करणाऱ्या घरात हा फायदा फार थोडा. पन्नासच्या खाली मात्र नेऊ नका, साठलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

क्षाराचंही तसंच. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा जाड थर बसतो, आणि 'त्यामुळे बिल वाढतं' असं सांगून सर्व्हिसिंगचे पैसे घेतले जातात. कॉइल पाण्यातच बुडलेली असते; तिची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? बिल फारसं वाढत नाही. पण थरामुळे कॉइल आतल्या आत तापून जळते, आणि थर्मोस्टॅटला चुकीचा अंदाज येतो. शिवाय टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकीऐवजी तो झिजावा म्हणून. तो संपला की टाकी गंजते. म्हणून बोअरच्या पाण्यावर दर दोन वर्षांनी उघडून बघायला सांगतो. कारण गीझरचं आयुष्य, बिल नव्हे.

गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल तर मात्र आजच वॉशर बदला. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला पंधरा-वीस लिटर होतात, आणि गीझर चालू असताना पडणारा प्रत्येक थेंब तापवलेला असतो.

आता मीटर पळतोय का, त्याकडे. खोटं वाटेल, पण मीटर जलद असल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी सापडतं. ते शोधायला तुम्हाला माझी गरज नाही, एक घड्याळ पुरतं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे, काहींवर १६०० असतो. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री झोपायच्या आधी सगळे दिवे-पंखे बंद करा, फ्रिजचा प्लगही दहा मिनिटं काढा, आणि मीटरसमोर उभं राहून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. चाळीस सेकंद लागले तर २८ वॅट, म्हणजे राउटर आणि सेट-टॉप बॉक्स, ठीक आहे. दहा सेकंद लागले तर ११२ वॅट, आणि मग घरात कोणीतरी चोरून जेवतंय.

दोन वर्षांपूर्वी सिंहगड रोडला एका घरी गेलो होतो. दोघंच राहणारी वयस्कर माणसं, महिन्याला अडीचशे युनिट. त्यांनी माझ्याआधी एकाला बोलावलं होतं, त्याने फ्रिजवर संशय घेतला, म्हणून जुना फ्रिज काढून नवीन घेतला, तरी बिल तेवढंच. मी फ्रिजचा प्लग काढला, सगळं बंद केलं आणि मीटरसमोर उभा राहिलो. नऊ सेकंदाला एक. १२५ वॅट, आणि घरात मिट्ट काळोख. एकेक एमसीबी पाडत गेलो. एक पाडला तसा दिवा थांबल्यासारखा झाला, पस्तीस सेकंदाला एक. त्या एमसीबीवर ड्राय बाल्कनीतला इन्व्हर्टर होता. बॅटरी सहा वर्षं जुनी. हात लावला तर गरम, ताज्या भाकरीसारखी. काकांना विचारलं, 'पाणी किती दिवसांनी घालता?' म्हणाले, 'पूर्वी तीन-चार महिन्यांनी, आता दर महिन्याला लागतं.' बॅटरी म्हातारी झाली की कधी भरतच नाही, चार्जर तिला अखंड पाजत राहतो, आणि ती वीज पाणी उडवण्यात आणि बॅटरी तापवण्यात जाते. नव्वद वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ६५ युनिट. पुन्हा उष्णताच. चांगल्या फ्रिजची नाहक बदली झाली होती.

तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर आधी बॅटरीला हात लावून बघा.

याच चाचणीत एक गोष्ट कळते. घरातला मेन बंद करूनही दिवा लुकलुकत असेल, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाची तरी वायर आहे किंवा मीटरपासून घरापर्यंतच्या वायरीत दोष आहे. तेव्हा मात्र वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा.

बिल वाचताना रुपये बघू नका, युनिट बघा, आणि ते किती दिवसांचे आहेत तेही बघा. एका बिलात २८ दिवस आणि पुढच्यात ३४ असं होतं, आणि माणूस सहा दिवसांचं बिल 'वाढ' म्हणून मोजतो. उन्हाळ्याच्या तोंडाला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं, तोही वापर नव्हे. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पुष्कळांचा समज असा, की ३०१ वं युनिट पडलं की सगळं बिलच वरच्या दराने लागतं. तसं नाही, वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना लागतो. तुमच्या ३१८ मध्ये अठराच युनिट त्या टप्प्यात गेले. पण यातून दुसरी गोष्ट निघते. तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग असतं. शंभरच्या पुढचं युनिट पहिल्या शंभरच्या साधारण दुप्पट भावाने पडतं, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून सध्या बारा-तेरा रुपयांना. गीझरचे ३५ युनिट वाचले तर चारशे-साडेचारशे रुपये, आणि त्यासाठी विकत काहीच आणावं लागत नाही.

गॅस गीझर. पैशांच्या हिशेबात तो जिंकतो, हे मी कबूल करतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. गीझरमधून त्यातली ऐंशी टक्के पाण्यात उतरली तर १४५. सिलिंडर ८५०-९०० रुपयांना धरला तर उष्णतेचं युनिट सहा रुपयांना पडतं, विजेच्या निम्म्याने. तरीही मी बाथरूममध्ये गॅस गीझर बसवून देत नाही. कितीही ओळखीचा माणूस असला तरी नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळतो तसा ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते, दाराच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. दर थंडीत अशी बातमी वाचायला मिळते, आणि बहुतेक वेळा जाणारं माणूस तरुण असतं. 'वर छोटी खिडकी आहे' हे उत्तर मला चालत नाही, कारण थंडीत ती खिडकी पहिल्यांदा बंद होते. उघडी ड्राय बाल्कनी असेल, तिथे गीझर लावून फक्त पाण्याची पाइप आत नेता येत असेल, तरच विचार करा. नसेल तर विषय सोडा.

स्वयंपाकघरासाठी तीन लिटरचा इन्स्टंट गीझर चांगला. ३ किलोवॅटचा असतो, तेवढ्यात मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी बावीस अंशांनी तापतं. मागे उरतं ते तीनच लिटर, म्हणून वाया फार जात नाही. तो तेरा अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र वायर आणि सोळाचा पॉइंट हवा, मिक्सरच्या पॉइंटवरून नाही.

पाण्याचा रॉड पंचवीस लिटरच्या गीझरपेक्षा कमी वीज खातो असं वाटतं, ते खरंही आहे, कारण त्यात मागे काही उरत नाही. पण बटण बंद न करता पाण्यात बोट घालून बघणारा माणूस प्रत्येक घरात असतो. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर रॉड वापरू नका. तो नसेल तर आधी तोच बसवा. बिलाशी त्याचा संबंध नाही, जिवाशी आहे.

सोलर बंबाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या सोसायटीला गच्ची असणारच. पुण्यासारख्या ठिकाणी शंभर लिटरचा सौर बंब वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत वाचवू शकतो असा सरकारी अंदाज आहे. पुणे महापालिका मिळकत करात सवलतही देते. मग कित्येक सोसायट्यांत सोलर असूनही घरोघरी गीझर का लागतात? पाइपमुळे. गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत तीस मीटर एक इंची पाइप असेल तर तिच्यात पंधरा लिटर पाणी मावतं, आणि ते रात्रभर गार झालेलं असतं. म्हणजे पहिल्या माणसाने बादलीभर गार पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही. तो वैतागतो आणि गीझर लावतो. ज्या सोसायट्यांत हे नीट चालतं तिथे दोन गोष्टी केलेल्या असतात. गरम पाइपला जाड आवरण, आणि पहाटे पाइपमधलं गार पाणी परत टाकीत फिरवणारा छोटा पंप. तुमच्याकडे सोलरची लाइन असेल तर प्लंबरकडून ती गीझरच्या इनलेटला जोडून घ्या. मग सोलरचं पाणी गरम आलं तर थर्मोस्टॅट लागतच नाही, कोमट आलं तर तेवढंच वर ढकलतो. पाइप सीपीव्हीसीच हवी, साधी पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडते.

गच्चीवर विजेचं सोलर घ्यायचं असेल तर 'पीएम सूर्यघर' योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. १ किलोवॅटचं पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं. फक्त क्रम उलटा करू नका. आधी वाया जाणारं बंद करा, मग राहील त्याच्यापुरतं सोलर घ्या. नाहीतर गीझरमध्ये निवणारं पाणी तापवायला पॅनल विकत घेतल्यासारखं होतं.

बाकीचं भराभर. फ्रिज रात्री बंद करू नका, सकाळी तो सगळं वसूल करतो. दारात पन्नासची नोट अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर गॅस्केट बदला, आणि फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. फ्रंट लोड मशिनवर साठ अंशांचं बटण रोजच्या कपड्यांना लावू नका, त्यातही आत एक गीझरच आहे. रूम हीटर घेण्याचा विचार असेल तर २००० वॅटच्या हीटरने एक तासात तुमच्या चौघांच्या आंघोळीपेक्षा जास्त वीज जाते. पुण्याच्या थंडीला खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवा, गोधडी त्यासाठीच आहे. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकर लावा. पूर्वी चुलीला वैल असायचा, भाकरी चुलीवर आणि आमटी बाजूच्या फुकटच्या धगीवर. आताच्या शेगडीला वैल नाही, म्हणून भात पूर्ण शिजायच्या दोन मिनिटं आधीच गॅस बंद करा, उरलेलं काम कुकर करतो. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वापर मोजणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटांवर सवलत मिळते. मशिन आणि इस्त्री त्या वेळात उरका.

राहिले पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला वीस युनिट वाचतात, म्हणजे हॉलचा आणि सासूबाईंच्या खोलीतला बदलणं परवडतं. पाहुण्यांच्या खोलीतला, वर्षातून आठ दिवस फिरणारा, कशाला बदलायचा? आणि बदलण्याआधी रेग्युलेटर बघा. चौकोनी मोठा, हाताला गरम लागणारा जुना रेग्युलेटर असेल तर तुम्ही पंखा हळू करता तेव्हा वाचलेली बरीचशी वीज तो भिंतीत तापवून उडवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-अडीचशे रुपयांत होतो. बीएलडीसी पंख्याला मात्र भिंतीवरचा रेग्युलेटर लागत नाही, त्याचा रिमोट वेगळा. जुना रेग्युलेटर मध्ये ठेवलात तर पंखा गुरगुरतो आणि त्याचं सर्किट जातं. इलेक्ट्रिशियनला तो काढून लाइन थेट द्यायला सांगा. घाई काही नाही. जानेवारीत पंखे बंदच आहेत. मार्चमध्ये घ्या.